जुनी झालेली विज्ञानाची पुस्तकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिलेली विज्ञानाची पुस्तकं वाचणाऱ्यांना हे प्रश्न कधी ना कधी पडतातच. काही उत्तरं लांबलीयेत, काही दोन ओळीत संपलीयेत, ज्याला जेवढं लागलं तेवढं लिहिलंय.

जुनं विज्ञानाचं पुस्तक हातात आलं तर आधी काय बघायचं?

साल. कव्हर उलटा आणि ते बारीक अक्षरातलं पान काढा, जिथे आवृत्त्या आणि पुनर्मुद्रणं लिहिलेली असतात. तिथे पहिली आवृत्ती कधीची ते शोधा, शेवटचं प्रिंट कधीचं हे महत्त्वाचं नाही. दोन वर्षांपूर्वी छापलेलं कोरं करकरीत पुस्तक आतून १९७७ चं असू शकतं, कव्हर तेवढं बदललेलं असतं. अनुवाद असेल तर मूळ पुस्तकाचं साल वेगळं शोधावं लागतं, आणि मूळ पुस्तक बाहेर पडून अनुवाद येईपर्यंत कधी कधी दहा-पंधरा वर्षं सहज गेलेली असतात, म्हणजे अनुवाद ताजा पण आतली माहिती तेवढीच जुनी. ते साल सापडलं की पेन्सिलने पहिल्या पानावर मोठ्ठं लिहून ठेवा, वाचताना सारखं उपयोगी पडतं.

नुसतं साल बघून काय कळणार?

बरंच कळतं, फक्त प्रत्येक विषयातली एक-दोन वळणं माहीत पाहिजेत. विश्वाबद्दलचं पुस्तक १९६५ च्या आधीचं असेल तर महास्फोटानंतर उरलेले मायक्रोवेव्ह किरण सापडल्याची गोष्ट त्यात नसणार, त्यामुळे विश्व कायम असंच होतं हा सिद्धांत तिथे अगदी तुल्यबळ म्हणून येईल. १९९८ च्या आधीचं असेल तर विश्वाचं प्रसरण वेगाने वाढतंय हे लेखकाला माहीतच नव्हतं. सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह सापडला १९९५ ला, आणि आज तो आकडा ५,००० च्या कधीच वर गेलाय. डायनासोर कशाने संपले, तर लघुग्रह आदळल्याची कल्पना १९८० ची आणि मेक्सिकोतलं ते विवर नक्की झालं १९९१ ला. निअँडरथल माणसांशी आपल्या पूर्वजांचा संकर झाला नाही असं ठामपणे लिहिलेलं दिसलं तर पुस्तक बहुतेक २०१० च्या आधीचं, कारण त्या वर्षी निअँडरथल जीनोम, म्हणजे त्यांच्या सगळ्या डीएनएचा आराखडा, आला आणि कळलं की आफ्रिकेबाहेरच्या लोकांच्या डीएनएत साधारण १ ते २ टक्के वाटा त्यांचा आहे. हिग्ज बोसॉन हा मूलकण सापडला २०१२ ला, आणि गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठणाऱ्या लाटा, २०१५ ला पकडल्या आणि २०१६ ला जाहीर झाल्या.

एवढी सात-आठ सालं डोक्यात असली तरी निम्मं काम होतं.

पुस्तकातलं नेमकं काय जुनं होतं? सगळंच का?

नाही, आणि इथेच बहुतेक लोकांचा गोंधळ होतो.

सगळ्यात आधी आकडे जातात. शनीचे चंद्र किती, माणसात जनुकं किती, मेंदूत पेशी किती. १९९० च्या दशकातल्या पुस्तकांत माणसाची जनुकं एक लाखाच्या आसपास सांगितलेली असतात, २००१ ला जीनोमचा मसुदा आला तेव्हा आकडा ३० ते ४० हजारांवर आला आणि आता प्रथिनं बनवणारी जनुकं साधारण २० हजार धरतात. मेंदूत १०,००० कोटी न्यूरॉन असतात हे वाक्य तर कितीतरी पुस्तकांत आहे, २००९ ला नीट मोजदाद झाली तेव्हा ८,६०० कोटींच्या आसपास निघाले. शनीच्या चंद्रांची यादी तर बोलूच नका, २०२५ मध्ये ती २७४ वर गेली, त्यामुळे १९८५ च्या पुस्तकातला तक्ता आता फक्त त्या काळी काय दिसत होतं हे सांगतो.

त्यानंतर जातात ती चित्रं. डायनासोरची जुनी चित्रं बघा, शेपटी जमिनीवर ओढत चाललेले, सरड्यासारखी कातडी. १९९६ ला चीनमधल्या पिसांसारख्या तंतूंच्या जीवाश्माचं वर्णन आलं, आणि नंतर असे एकामागोमाग एक सापडत गेले, चित्रं बदलावीच लागली.

मग जातात निष्कर्ष, म्हणजे हे असं का होतं याचं स्पष्टीकरण. हे मात्र सरसकट जात नाहीत, काही टिकतात काही नाही.

आणि सगळ्यात उशिरा जुना होतो तो भाग म्हणजे 'हे कसं कळलं' याची गोष्ट. कुणी काय मोजलं, कशाने मोजलं, कुठे अडलं, दुसऱ्याने काय आक्षेप घेतला. निष्कर्ष बदलला तरी हा भाग खोटा ठरत नाही, कारण ते मोजमाप खरंच झालं होतं. माझं स्पष्ट मत आहे की विज्ञानाचं पुस्तक निवडताना हीच एक गोष्ट बघावी, लेखक नुसतं 'शास्त्रज्ञ सांगतात की' म्हणतो की कसं कळलं ते दाखवतो. पहिल्या प्रकारचं पुस्तक पाच वर्षांत शिळं होतं, दुसऱ्या प्रकारचं पन्नास वर्षांनीही काहीतरी शिकवतं.

एखादं उदाहरण जरा तपशिलात सांगाल का?

हॅलुसिजेनिया घ्या. ५० कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रातला इवलासा प्राणी, मोठ्यातला मोठा पाच-साडेपाच सेंटिमीटर. कॅनडातल्या बर्जेस शेल नावाच्या खडकात त्याचे जीवाश्म मिळाले. सुरुवातीला त्याला साधा किडा समजले होते, १९७७ ला सायमन कॉनवे मॉरिस यांनी त्याचं नवं वर्णन केलं आणि हे विचित्र नाव दिलं. त्यांच्या चित्रात हा प्राणी टोकदार काट्यांच्या जोड्यांवर उभा, पाठीवर मऊ नळ्यांची एक रांग, एका टोकाला गोल डाग, ते डोकं.

१९८९ ला जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गुल्ड यांचं 'वंडरफुल लाइफ' हे पुस्तक आलं, ते तुफान गाजलं, आणि त्यातही हा प्राणी तसाच काट्यांवर उभा आहे. त्यातला मोठा मुद्दा असा की त्या काळी प्राण्यांचे इतके वेगवेगळे आराखडे होते की त्यातले बरेच आज कशातच बसत नाहीत, आणि हॅलुसिजेनिया त्यातला सगळ्यात अजब नमुना.

दोनच वर्षांत, १९९१ ला, रामशोल्ड आणि होउ या दोघांनी चीनमधल्या तशाच जीवाश्मांवरून दाखवलं की चित्र उलटं आहे. काटे पाठीवर, संरक्षणासाठी, आणि मऊ नळ्या हेच पाय, एक रांग नाही तर जोड्या, दुसरी रांग दगडात दडलेली होती. मग दगड अजून कोरला तेव्हा पायांना नख्या दिसल्या. आणि २०१५ ला स्मिथ आणि कॅरन यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने बघितलं तर ते गोल डोकं म्हणजे डोकं नव्हतंच, प्राणी दबला गेल्यावर मागच्या टोकाने बाहेर आलेल्या द्रवाचा डाग होता. खरं डोकं दुसऱ्या टोकाला, दोन डोळे आणि तोंडात दातांचं कडं. म्हणजे वरचं खाली आणि पुढचं मागे, दोन्हीकडून उलटं. आता हा प्राणी आजच्या मखमली किड्यांच्या जवळचा मानतात, अगदीच कशातही न बसणारा नाही.

मग गुल्ड यांचं पुस्तक रद्दीत टाकायचं का? अजिबात नाही. ते प्रकरण काढून वाचा, लेखकाने स्वतःच शंका घेतलीये की असा प्राणी या काट्यांवर चालणार कसा, कदाचित हा आख्खा प्राणी नसून मोठ्या प्राण्याचा एखादा अवयव तर नसेल. अंदाज चुकला पण शंका बरोबर जागी होती. दगडात चपटा झालेला प्राणी थर थर कोरून पुन्हा उभा कसा करतात ते त्या पुस्तकात जितकं छान समजतं तितकं मला दुसरीकडे क्वचित सापडलं. चित्र उलटं निघालं, पद्धत तीच राहिली, आणि त्याच पद्धतीने चित्र सरळ झालं!

कोणत्या विषयाची पुस्तकं लवकर जुनी होतात?

मानसशास्त्र, आहार, आनुवंशिकी आणि माणसाचा उगम ही सगळ्यात लवकर. खगोलशास्त्र मधेच कुठेतरी, नवी दुर्बीण आली की एकदम उडी मारतं. गणित आणि शाळेतलं भौतिकशास्त्र सगळ्यात सावकाश. वैद्यकाचं म्हणाल तर पोटातल्या अल्सरचं खापर ताणावर आणि आम्लावर फोडणारी पुस्तकं १९८० च्या दशकातही चालू होती, मग मार्शल आणि वॉरन यांनी दाखवलं की बहुतेक वेळा त्यामागे एक जिवाणू असतो, त्यांना २००५ चं नोबेल मिळालं. तब्येतीचा सल्ला देणारं पुस्तक जुनं असेल तर त्यावरून औषधपाण्याचा काहीही निर्णय घेऊ नका, हे मात्र कळकळीने सांगतो.

कानेमान यांचं 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो' अजून वाचावं का?

माणूस निर्णय कसे घेतो यावरचं मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान यांचं हे पुस्तक वाचावं, पण चौथं प्रकरण सावधपणे. पुस्तक २०११ चं आहे. त्यात प्रायमिंगबद्दल लिहिलंय, म्हणजे नकळत वाचलेल्या शब्दांचा वागण्यावर परिणाम होतो ते. त्यातला गाजलेला प्रयोग असा की म्हातारपणाशी संबंधित शब्द वाचलेली मुलं नंतर कॉरिडॉरमधून हळू चालली. कानेमान यांनी तर तिथे लिहिलंय की यावर अविश्वास ठेवण्याचा पर्यायच नाही. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने तोच प्रयोग स्टॉपवॉचऐवजी इन्फ्रारेड सेन्सरने वेळ मोजून केला, तर तसा परिणाम दिसला नाही. मग २०१५ ला मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून बघितले गेले आणि जेमतेम ३६ टक्क्यांमध्ये निकाल पुन्हा ठळकपणे आला.

२०१७ ला कानेमान यांनी स्वतः जाहीरपणे मान्य केलं की लहान नमुन्यांच्या अभ्यासांवर आपण नको इतका विश्वास टाकला. नोबेल मिळालेल्या माणसाने असं उघडपणे लिहावं याचं मला फार मोल वाटतं, आणि कोणी हे पुस्तक सुचवलं की मी त्यांची ती कबुलीही सोबत सांगतो. बाकी पुस्तकातलं बरंच टिकलंय, उदाहरणार्थ आधी ऐकलेल्या आकड्याकडे आपला अंदाज ओढला जातो हा अँकरिंगचा परिणाम पुन्हा पुन्हा तपासून पक्का निघालाय. म्हणजे एकाच पुस्तकात शेजारशेजारच्या प्रकरणांचं वय वेगळं असतं, हे लक्षात ठेवायचं.

आणि हॉकिंग यांचं 'अ ब्रीफ हिस्ट्री ऑफ टाइम'?

ते १९८८ चं, १९९६ ला सुधारित आवृत्ती आली. दोन्ही १९९८ च्या आधीच्या, म्हणजे डार्क एनर्जी नाही, विश्वाचं प्रसरण ज्यामुळे वेगाने वाढतंय असं मानतात ती. महास्फोट कधी झाला तर १,००० ते २,००० कोटी वर्षांपूर्वी असा रुंद पट्टा दिलाय, आणि आजचा आकडा १,३८० कोटी त्यात व्यवस्थित बसतो. मला हे जाम आवडतं. जिथे माहिती धूसर होती तिथे त्यांनी धूसरच ठेवली, उगाच एक चकचकीत आकडा ठोकून दिला नाही, त्यामुळे ते वाक्य आजही खोटं ठरलेलं नाही. काळ, कृष्णविवरं वगैरे समजून घ्यायला पुस्तक अजून चांगलं आहे, विश्वाचं पुढे काय होणार यासाठी मात्र नवं काहीतरी वाचा.

लेखक नवीन आवृत्ती काढून सगळं दुरुस्त का करत नाहीत?

काहीजण करतात. आयझॅक असिमोव्ह यांचं विज्ञानाचं जाडजूड मार्गदर्शक पुस्तक १९६० ला आलं आणि १९६५, १९७२, १९८४ असं तीनदा पुन्हा बांधून काढलं. रिचर्ड डॉकिन्स यांनी 'द सेल्फिश जीन' मध्ये वेगळा मार्ग घेतला, १९७६ चा मजकूर तसाच ठेवला आणि १९८९ च्या आवृत्तीत शेवटी टिपा आणि दोन नवी प्रकरणं जोडली, टिपांमध्ये कुठे मत बदललं तेही येतं. मला विचाराल तर दुसरी पद्धत बरी, कारण आधी काय वाटत होतं आणि नंतर काय कळलं दोन्ही एका पुस्तकात दिसतं. डार्विन यांनी स्वतः उत्क्रांतीवरच्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' च्या सहा आवृत्त्या काढल्या. पहिल्या आवृत्तीत इंग्लंडमधल्या एका भूभागाची झीज व्हायला ३० कोटी वर्षं लागली असा हिशोब होता, त्यावर टीका झाली, तिसऱ्या आवृत्तीत तो हिशोबच गायब! आज कुणी फक्त शेवटची आवृत्ती वाचली तर असा हिशोब कधी मांडला होता याचा पत्ताही लागत नाही.

पण बहुतेक पुस्तकांचं असं होत नाही, कारण सुधारायला वेळ लागतो, लेखक दुसऱ्या कामात असतो किंवा हयात नसतो, आणि जुनं खपत असेल तर प्रकाशकालाही घाई नसते.

एवढं सगळं बदलतं तर मग विज्ञानावर विश्वास कसा ठेवायचा?

बदल म्हणजे सगळं एकाच तऱ्हेने चुकणं नव्हे. तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि त्या एकाच पोत्यात भरल्या की घोळ होतो.

पहिली म्हणजे बारकावा वाढणं. न्यूटनचं गुरुत्वाकर्षण आइनस्टाइननंतर रद्द झालं नाही, यानांचे मार्ग आखताना आजही बहुतेक काम त्यावरच भागतं. असं जुनं पुस्तक चुकीचं नसतं, अपुरं असतं.

दुसरी म्हणजे तर्क बरोबर पण एक तुकडा माहीत नसणं. भौतिकशास्त्रज्ञ केल्विन यांनी १८६२ ला, पृथ्वीला थंड व्हायला किती वेळ लागला असेल त्यावरून तिचं वय २ कोटी ते ४० कोटी वर्षं काढलं. गणितात खोट नव्हती. पण पृथ्वीच्या पोटातला पदार्थ सावकाश वाहतो आणि उष्णता वर आणत राहतो हे त्यांनी धरलं नव्हतं, आणि किरणोत्सार तर तेव्हा कुणालाच माहीत नव्हता. खरं वय ४५० कोटींच्या पुढे निघालं. याच गटात गॅलिलिओ पण येतो, १६३२ च्या त्याच्या 'संवाद' मध्ये पृथ्वी फिरते याचा हुकमी पुरावा म्हणून भरती-ओहोटी दिलीये. पृथ्वी फिरते हे बरोबर, पुरावा मात्र साफ चुकीचा!

तिसरी म्हणजे मुळात पुरावाच कच्चा असणं. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ पर्सिव्हल लोवेल यांनी १८९५ पासून मंगळावरच्या कालव्यांवर एकामागून एक पुस्तकं लिहिली, पाणी वाहून नेणारी तिथली संस्कृती वगैरे, आणि लोकांनी ती आवडीने वाचली. पण त्याच काळात इतर चांगल्या निरीक्षकांना कालवे दिसतच नव्हते. १९६५ ला मरिनर ४ या यानाने जवळून फोटो पाठवले, विवरं आणि ओसाड जमीन. इथे काळाने पुस्तक जुनं केलं असं म्हणता येत नाही, ते छापलं तेव्हाच डळमळीत होतं.

जुनं पुस्तक वाचताना कुठली चूक कुठल्या गटातली हे ठरवायचा प्रयत्न करा, आजच्या बातम्या वाचतानाही तोच डोळा कामाला येतो.

नवीन पुस्तक घेतलं म्हणजे प्रश्न सुटला ना?

नाही. एकतर नवी पुस्तकं जुन्या पुस्तकांतून उचलतात. आपल्या अंगात पेशींच्या दहापट जिवाणू असतात हे वाक्य घ्या, १९७२ मधला एक ढोबळ हिशोब होता तो, पुढे चाळीस-एक वर्षं एकातून दुसऱ्यात उतरत गेला. २०१६ ला तीन संशोधकांनी बसून पुन्हा मोजलं तर साधारण ३८ लाख कोटी जिवाणू आणि ३० लाख कोटी पेशी, म्हणजे जवळजवळ बरोबरीच. त्यानंतर छापलेल्या लिखाणातही दहापट अजून दिसतंच.

दुसरं, अगदी ताज्या शोधावर घाईघाईने लिहिलेलं पुस्तक सगळ्यात लवकर पडतं. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप२ या दुर्बिणीच्या टीमने विश्वाच्या सुरुवातीच्या गुरुत्वीय लहरींची खूण सापडल्याचं जाहीर केलं, जगभर हेडलाइन झाली, आणि २०१५ पर्यंत कळलं की ती खूण आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीने समजावता येते. एखादा शोध जाहीर होऊन वर्षच झालंय आणि पुस्तकाचा सगळा डोलारा त्यावर आहे, तर थोडं थांबा.

वाचताना एखादं वाक्य जुनं झालंय हे कसं ओळखायचं?

'सर्वात लांबचा', 'आजवरचा एकमेव', 'अजून कुणालाच कळलेलं नाही', 'लवकरच', 'येत्या दहा वर्षांत' असं काही दिसलं की पेन्सिलने खूण करा. गोल गोल आकडा दिसला की खूण करा. एकाच प्रयोगावर मोठा दावा उभा असेल आणि त्या प्रयोगात चाळीस-पन्नासच लोक असतील तर दोन खुणा करा. प्रकरण संपलं की फक्त त्या खुणा ऑनलाइन तपासायच्या, आख्खं पुस्तक तपासत बसायची गरज नाही, नाहीतर वाचनाची मजाच जाते.

एकही जुनं न झालेलं पुस्तक आहे का?

पूर्णपणे असं नाही, पण जवळ जाणारं आहे. मायकल फॅरडे यांनी १८६० च्या नाताळात मुलांसाठी मेणबत्तीवर व्याख्यानं दिली, १८६१ ला त्याचं पुस्तक झालं. तेव्हा इलेक्ट्रॉनही सापडला नव्हता, तो १८९७ चा. तरी पुस्तक आजही वाचवतं, कारण प्रत्येक गोष्ट ते करून दाखवतात. ज्योतीच्या मधोमध काचेची नळी धरायची, आतली वाफ नळीतून दुसऱ्या टोकाला येते आणि तिथे पेटवली की तिकडेही छोटी ज्योत! म्हणजे जळते ती मेणाची वाफ. थंडगार भांडं ज्योतीवर धरलं की त्यावर पाणी जमतं, म्हणजे जळण्यातून पाणी तयार होतं. हे आजही कुणीही मोठ्यांच्या देखरेखीखाली करून बघू शकतं.

मुलांना जुनी पुस्तकं द्यावीत का?

द्या की. प्लूटो नववा ग्रह असलेलं पुस्तक असेल तर तेही द्या, फक्त साल सांगून, आणि २००६ ला काय ठरलं आणि का ठरलं हे मुलांनाच शोधून काढू द्या. परीक्षेसाठी मात्र चालू पाठ्यपुस्तक वापरा.

पुस्तकात चूक सापडली तर कुणाला कळवायचं?

प्रकाशकाला. ईमेलमध्ये पुस्तकाचं नाव, आवृत्ती आणि पुनर्मुद्रण, पान नंबर, चुकलेलं वाक्य जसंच्या तसं, आणि आता काय माहीत आहे ते कुठल्या शोधनिबंधात आलंय, एवढं द्या. अनुवाद असेल तर मूळ पुस्तकात ती चूक आहे का ते आधी बघा, कारण कधी कधी मुळात बरोबर असतं आणि अनुवादात कोटीचे अब्ज झालेले असतात. अशा साध्या चुका पुढच्या पुनर्मुद्रणातही दुरुस्त करता येतात, आख्खं प्रकरण बदलायला मात्र नवी आवृत्तीच लागते. ग्रंथालयाची प्रत असेल तर पुस्तकावर लिहू नका, एका चिठ्ठीवर पान नंबर आणि नवी माहिती लिहून, तारीख घालून, ग्रंथपालांना विचारून आत ठेवा.